टूनच्या बांधाची खांड

दिलीप खैरनारांना फुटका बांध बघवत नसे. दुसऱ्याच्या शर्टाचं बटण वरखाली लागलेलं दिसलं की काहींचे हात शिवशिवतात, तसं त्यांचं बांधाच्या बाबतीत व्हायचं. त्र्याहत्तरच्या दुष्काळात, एकविसाव्या वर्षी, ते मृद् संधारण खात्यात सर्वेक्षक म्हणून चिकटले, आणि सिन्नर, येवला, नांदगाव करत सदतीस वर्षं एकच काम करत राहिले. उतारावर आडवी माती घालायची आणि पाण्यावाऱ्याला शेत पळवू द्यायचं नाही. निरोपसमारंभात साहेब म्हणाले, "खैरनारांनी घातलेला एकही बांध आजवर फुटलेला नाही." निरोपाच्या भाषणातलं वाक्य असूनही ते खरं होतं.

त्यांची कामाची एक रीत होती. शेतकऱ्याला विचारायचं नाही. विचारलं की तो म्हणणार, माझ्याच वावरातनं का, भावाच्या वावरातनं न्या. मग भाऊ येणार, मग तलाठी येणार, आणि दोन पावसाळे वाहून जाणार. त्यापेक्षा बांध घालून मोकळं व्हावं. पहिल्या वर्षी शिव्या मिळतात, तिसऱ्या वर्षी तोच माणूस हरभऱ्याचे डहाळे घेऊन दारात उभा राहतो. ही रीत ते नव्या पोरांनाही अभिमानानं शिकवत.

बायको सरला गेल्यापासून ते दर वसंतात तीन महिन्यांच्या व्हिसावर मुलीकडे येत. मंजूषा त्यांची एकुलती एक. अकरा वर्षं डच मुलखात, आइंडहोवनला, चिप तयार करणारी यंत्रं जिथे बनतात तिथे. तिच्या कामाच्या खोलीत धुळीचा एक कण शिरला तर पाच माणसांची मीटिंग बसते. राहायला मात्र ती बसनं चाळीस मिनिटांवरच्या एका खेड्यात, जुन्या लांबलचक शेतघराच्या अर्ध्या भागात. उरलेल्या अर्ध्यात घरमालक, टून. वय शहाऐंशी, बायको गेलेली, मूल नाही, एक पुतण्या ब्रेडाला. दोन्ही भागांच्या मधून एक दगडी बोळ जात असे, पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत, दोघांच्या वापराचा. पुढचं दार डांबरी रस्त्यावर उघडे आणि मागचं शेतावर.

टून आणि दिलीपराव यांची गट्टी भाषेवाचून जमली. पहिल्या वसंतात दिलीपरावांनी शेतातली चिमूटभर माती उचलली, थुंकीनं ओली केली आणि बोटांत वळी करून बघितली. वळी होईना, निव्वळ रेती. मान वर केली तर टूनही समोर तेच करत उभा. दोघे हसले. पुढची दोन वर्षं दोघे संध्याकाळी शेताच्या कडेनं हिंडत, आपापल्या भाषेत बोलत, आणि रविवारी मंजूषा मध्ये बसून राहिलेलं भाषांतर करून देई.

टूनची गोष्ट त्यांना अशीच हप्त्याहप्त्यानं कळली. चौपन्न साली तो पंधरा वर्षांचा होता. सरकारी माणसं नकाशे घेऊन आली, सगळ्यांचे जमिनीचे तुकडे गोळा करून सरळ चौकोनी शेतं पाडली, आणि मधले जुने झाडीचे बांध आडवे आले म्हणून नांगरून टाकले. पुढच्याच एप्रिलात पूर्वेचा कोरडा वारा सुटला आणि शेतं उठून चालायला लागली. दुपारी दिवे लावावे लागत. दुधात रेती, पावात रेती, अंथरुणात रेती. बीटाचं बी तीनदा पेरलं, तीनदा उडून गेलं. मग टूनच्या बापानं आणि टूननं दोन हिवाळे एकचाकी गाडीनं माती ओढून तीनशे मीटरचा बांध पुन्हा उभा केला, वर ओक आणि बर्च लावले. "नकाशावर नव्हता," टून म्हणाला. "पण शेत जागेवर राहिलं." दिलीपरावांनी उठून त्याचा हात हातात घेतला. आपल्या खात्यात हा माणूस कुठल्या कुठे गेला असता, असं त्यांना मनापासून वाटलं.

एवढ्या सुंदर बांधाला एक खोड होती. घराच्या मागच्या दारासमोर, बरोबर मधोमध, त्याला आठ फुटांची खांड होती. वारा अख्ख्या बांधाला आपटून त्या एका फटीत दुप्पट जोरानं घुसायचा आणि पलीकडच्या वावरात रेतीचा पंखा पसरायचा. दिलीपरावांनी ती पहिल्याच दिवशी हेरली होती. बापलेकांचे पाठीचे काटे ढिले झाले असतील, मधला तुकडा राहून गेला असेल, असा त्यांनी आपल्यापुरता निकाल लावला.

यंदा मार्चच्या मध्यावर टून अंगणात पडला आणि खुब्याचं हाड मोडून इस्पितळात गेला. दिलीपरावांना वाटलं, हीच वेळ. म्हातारा परत येईल तेव्हा बांध पुरा झालेला असेल. मित्राला याहून चांगलं काय देणार? विचारायचा प्रश्नच नव्हता. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात.

तीन आठवडे ते खपले. वय त्र्याहत्तर, पण कामात ते दिसेना. तळाशी विलोच्या फांद्यांच्या मोळ्या, वर गवताच्या ढपल्या, मग मातीचे वीतभर थर, प्रत्येक थर पाणी शिंपडून धुम्मसानं ठोकलेला. खात्याच्या पुस्तकात आहे तस्सं.

तिसऱ्या दिवसापासून त्यांना पाठीमागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटू लागलं. रोखून बघणारं नव्हे. रेल्वेचं फाटक पडलं की माणसं उभी राहतात तसं, उघडेल म्हणून. वळून बघावं तर स्वच्छ उन्हातलं शेत आणि घराचं मागचं दार. पुन्हा फावडं उचललं की पुन्हा तेच. चौथ्या दिवशी तर मागे वळण्याआधी त्यांच्या तोंडून निघून गेलं, "झालंच हं, पाच मिनिटं." कुणाला म्हणालो, हे त्यांना कळेना. ते जरा वेळ फावड्यावर टेकून उभे राहिले आणि मग स्वतःला रागावून कामाला लागले.

त्याच दुपारी शेजारची योके सायकलवरून उतरली. साठीची बाई, तीन घरं सोडून राहते. या देशात न विचारता मत देणं हा जन्मसिद्ध हक्क आहे. तुमचा कचऱ्याचा डबा दोन इंच पुढे असला तरी बाई दार वाजवून सांगेल. योकेनं भरायला घेतलेली खांड बघितली. इंग्रजीत विचारलं, "टूनला ठाऊक आहे?" दिलीपराव उत्साहानं म्हणाले, "सरप्राइज!" ती सायकल हातात धरून, बांधाला लांबचा वळसा घालून चालत गेली. एरवी ती त्या खांडीतूनच जायची.

बांध पुरा झाला त्याच्या दुसऱ्या सकाळी बोळात रेती होती.

मागच्या दारापासून सुरू झालेली, दोन-अडीच हात रुंद, कडा सरळ, बोळाच्या निम्म्यापर्यंत आलेली. दार बंद होतं. मंजूषा म्हणाली, "आबा, शूज बाहेर काढत जा ना प्लीज." त्यांनी झाडून काढली. तिसऱ्या प्रहरी ती पुन्हा होती, आता हातभर पुढे. दुसऱ्या दिवशी मंजूषानं दाराच्या फटींना टेप लावली. कंपनीतून कण मोजायचं छोटं यंत्र आणून ठेवलं. यंत्र म्हणालं, हवा स्वच्छ आहे. रेती रोज येत राहिली आणि रोज थोडी पुढे सरकली. बारीक, कोरडी, आणि इस्पितळातल्या फरशीसारखी गार.

एका सकाळी दिलीपरावांच्या लक्षात आलं की मंजूषा बोळातून भिंतीला पाठ घासत जाते. डबा, लॅपटॉपची बॅग, सायकलचं हेल्मेट, सगळं छातीशी धरून, एक पाऊल आडवं टाकत.

"मंजू, अशी का चालतेस?"

ती थबकली. स्वतःच्या पायांकडे बघितलं. अकरा वर्षं यंत्रांत घालवलेली शहाणीसुरती मुलगी, तिचा चेहरा पांढरा पडला. "माहीत नाही," ती म्हणाली. "मध्ये... जागा नाहीये ना."

दिलीपरावांनी बोळाकडे बघितलं. रिकामा होता. आणि मग त्यांना कळलं की आठवडाभर आपणही भिंतीलाच धरून चाललोय.  पण बांधाचा आणि याचा संबंध त्यांनी अजून जोडला नव्हता, किंवा जोडायचा नव्हता.

एप्रिलच्या मध्यावर टूनचा पुतण्या रूड याचा मंजूषाला फोन आला. काका काही यातून उठत नाहीत. छातीत पाणी झालंय. घरी यायचं म्हणतात, डॉक्टरांनी हो म्हटलंय, थोडेच दिवस आहेत. बुधवारी दुपारी रुग्णवाहिकेतून टून आला. पुढच्या दारानं आणला, कारण स्ट्रेचर तिकडून सोपं. त्याच्या खोलीत, शेताकडच्या खिडकीशी पलंग लावला. टूननं दिलीपरावांना बघून हात हलवला, उशीवर मान वळवली आणि खिडकीबाहेर बघितलं.

दिलीपराव त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते, आनंदाची वाट बघत. चेहऱ्यावर जे आलं ते त्यांनी आयुष्यात कुणाच्या तोंडावर बघितलं नव्हतं. टून हळूच काहीतरी बोलला.

मंजूषानं भाषांतर करायला वेळ लावला. "ते विचारतायत, मी आता बाहेर कुठून जाऊ?"

मग टूननं सांगितलं, मध्ये मध्ये दम घेत. या वस्तीतली मयतं त्या वाटेनं जातात. मागच्या दारानं बाहेर, शेतातून, बांधाच्या खांडीतून, पलीकडच्या चर्चपर्यंत. चर्चला मनोरा नव्हता तेव्हापासून. आजोबा गेले, आई गेली, बाप गेला, बायको गेली, सगळी खांद्यावरून, तिथूनच. गेलेल्यांची ती वाट आहे. ती येती-जाती असतात. म्हणून बापानं बांध घालताना आठ फूट सोडले. वारा घुसतो हे त्याला दिसत नव्हतं होय? दरवर्षी तेवढी रेती तो पलीकडून फावड्यानं परत ओढायचा. दुसऱ्या रस्त्यानं नेलेला माणूस पोचत नाही, घरी राहतो. चौपन्न साली वाट नांगरलेली होती, तेव्हा आत्या वारली आणि तिला गाडीतून डांबरी रस्त्यानं नेलं. दोन वर्षं ती मागच्या दाराशी होती. वाट पुन्हा झाली आणि आजोबांना खांद्यावरून नेलं, तेव्हा त्यांच्याबरोबर गेली. असं घरी राहिलेल्याला एकट्यानं निघता येत नाही, खांद्यावरून जाणाऱ्याबरोबरच निघता येतं.

"घरात रेती येतेय का?" टूननं विचारलं.

मंजूषानं हो म्हटलं.

"आई ती बाजूला सारायची. बाहेर कधी टाकली नाही." टूननं डोळे मिटले. मग दिलीपरावांचा हात शोधून त्यावर थोपटलं. म्हणाला, काम मात्र नामी केलंयस. माझ्या बापाला आवडलं असतं.

त्या थोपटण्यानं दिलीपरावांना भोसकल्यासारखं झालं. ते सरळ उठले, टिकाव घेतला आणि शेतात गेले.

आता बांध आणि ते असा सामना होता. बांध त्यांचाच होता, त्यामुळे तो हटेना. ओली करून ठोकलेली माती विटेसारखी बसली होती, विलोच्या मोळ्यांनी तिला खालून घट्ट धरलेलं. यंत्र लावून माती काढणाऱ्याला मंजूषानं फोन केला. तो सोमवारी येतो म्हणाला. इथे सोमवार म्हणजे सोमवारच. अंधार पडेपर्यंत जेमतेम वरचे दोन थर निघाले. गुरुवारी मंजूषानं रजा टाकली. दुपारी योके आली, स्वतःचं फावडं घेऊन. आली आणि खणायला लागली. तिघांनी दिवसभर ओढलं. दिलीपरावांच्या तळव्यांना फोड आले, फुटले. पाठीमागची ती माणसं आता जवळ आली होती. इतकी जवळ की माती मागे फेकताना दिलीपराव ती बाजूला फेकत, कुणाच्या अंगावर जाऊ नये म्हणून. मंजूषाही तसंच करत होती. योकेही. 

शुक्रवारी सकाळी साडेसात वाजता नर्स मागच्या दारात येऊन उभी राहिली. टून गेला होता. खांडीत कमरेइतकी माती उरली होती.

दिलीपराव म्हणाले, दुपारपर्यंत काढतो. खात्रीनं काढतो. पण रूड ब्रेडाहून निघाला होता, आणि साडेदहाला काळी गाडी पुढच्या दाराशी आली. रूड वाईट माणूस नव्हता. पन्नाशीचा, ट्रक कुठे कधी पोचतील ते बघणारा, नीटनेटका. त्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, काकांचा यावर विश्वास होता हे मला माहीत आहे. पण जमीन भुसभुशीत, उचलणारी माणसं दोन, आणि सव्वाअकराला शवागारात पोचायचंय, तिथून परस्पर चर्च. या देशात मेलेल्यालाही अपॉइंटमेंट असते.

"दोन तास," दिलीपराव म्हणाले. त्यांना तेवढंच इंग्रजी सुचलं. "टू अवर्स. प्लीज. आय मेड मिस्टेक." चिखलानं माखलेला, हाताला रक्त लागलेला म्हातारा गाडीच्या पुढे हात जोडून उभा राहिला. रूडनं त्यांच्या खांद्याला धरून त्यांना हळूच, फार अदबीनं बाजूला केलं. टूनला पुढच्या दारानं नेलं. गाडी डांबरी रस्त्यानं गेली आणि वळणावर दिसेनाशी झाली.

दिलीपराव परत जाऊन खणत राहिले. आता कशासाठी, असं मंजूषानं एकदाही विचारलं नाही. संध्याकाळी, लख्ख उजेड असताना, शेवटची मोळी निघाली. पूर्वेकडून वारा आला आणि खांडीतून घुसून पलीकडे गेला. त्यापाठोपाठ तिघांच्या मधून, अंगाला अंग न लावता, बराच वेळ काहीतरी जात राहिलं. गवत वाकत होतं तसं उठत होतं. योकेनं छातीवर क्रूसाची खूण केली. दिलीपराव टिकाव खाली ठेवून, बाजूला होऊन, मान खाली घालून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी बोळ स्वच्छ होता. तिसऱ्या दिवशीही. मंजूषा मधून चालायला लागली, शीळसुद्धा घातली एकदा. दिलीपरावांनी पहिल्यांदा पोटभर जेवण केलं.

चौथ्या दिवशी मागच्या दाराच्या आत, उंबऱ्याला लागून, ओंजळभर रेती होती. पट्टा नव्हे, छोटा ढीग, एका माणसाला उभं राहायला लागते तेवढ्या जागेत. तो पुढे सरकत नव्हता आणि बाहेरही जात नव्हता. दिलीपरावांनी दार सताड उघडून ठेवलं. "चला," ते मराठीत म्हणाले, "वाट मोकळी केलीय." दार दिवसभर उघडं राहिलं. संध्याकाळी ढीग होता तिथेच होता. ते रोज दार उघडत, रोज ढिगाच्या शेजारी स्टूल टाकून बसत, आणि बीटाची उगवण कशी झालीय ते सांगत.

मेच्या अखेरीला व्हिसा संपत आला. निघायच्या आदल्या दिवशी मंजूषा कामावरून आली तेव्हा ते त्या स्टुलावरच होते.

"असं टाकून कसा जाऊ गं?" ते म्हणाले. "मी अडकवलं त्याला. मी मरणार नाशकात. कुणाबरोबर निघणार हा? वस्तीत आता मयत गाडीतूनच जातं."

मंजूषानं बॅग खाली ठेवली. "आबा, तुम्हाला सांगायचं होतं. मी रूडला हो म्हटलंय. घर घेतेय मी. दोन्ही भाग, आणि शेतसुद्धा."

"म्हणजे तू आता..." त्यांनी ढिगाकडे बघितलं.

ती त्यांच्याकडे बघत नव्हती. मागच्या दाराशी, माणसाच्या चेहऱ्याची उंची असते तिथे बघत, ती हळू आवाजात डचमध्ये दोन वाक्यं बोलली. आवाज अगदी साधा, ऑफिसला बरोबर जायचं ठरवताना असतो तसा.

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, थांबा. मी इथेच आहे. माझी वेळ येईल तेव्हा मला खांद्यावरून मागच्या दारानंच नेतील, तसं मी लिहून ठेवते. तेव्हा बरोबर निघू."

दिलीपराव स्टुलावरून उठले. "अगं, काय बोलतेस हे! एक्केचाळीस वर्षांची आहेस तू."

"त्यांना घाई नाहीये, आबा," मंजूषा म्हणाली, आणि भिंतीला अंग चोरत, त्या ढिगाला वाट देऊन, चहा टाकायला आत गेली.